‘हंगामी’ : वऱ्हाडातील जिनांचा आणि एका शब्दाचा इतिहास

१/
१९२५ साली ब्रिटिश सरकारने कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसचे ठरवून दिलेले चिन्ह आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे, अशी सक्ती त्यात होती. कोणाचा कापूस कोणत्या दिवशी किती जीन झाला, याची नोंदवही ठेवणेही बंधनकारक झाले. रुईत पाणी मारलेले किंवा भेसळ आढळली तर दोषी प्रेस शोधता यावी, हा हेतू. गाठ समुद्रापार गेली तरी तिचा माग काढता येत असे.

ती गाठ ज्यांच्या हातांतून गेली, त्या मजुरांना कायद्याने वेगळेच चिन्ह दिले होते. ते म्हणजे ‘हंगामी’ हा शब्द. अमरावती-अकोल्याच्या जिनांतील श्रमाचा इतिहास बऱ्याच अंशी या एका शब्दाचा इतिहास आहे. (धागा)

२/
प्रथम प्रदेश. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्यापूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर, गंगाकाठच्या मिर्झापूरच्या पेठेपर्यंत जात असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील राज्यांचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. पुढे वऱ्हाडी कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणू लागले. ते अमरावतीच्याच नावाचे इंग्रजी कानांनी घडवलेले रूप.

३/
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने १८६७ साली नागपूरला पोहोचली. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. एका बाजारगावाच्या छोट्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या गावच्या कापसाचे मोल कळते. रेल्वेमागोमाग वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले, आणि स्थानकांलगत धुराड्यांची रांग उभी राहिली.

४/
जिनाचे काम समजून घेतले पाहिजे. वेचलेल्या कापसात वजनाने सुमारे एक भाग रुई आणि दोन भाग सरकी असते. पूर्वी गावोगावी हातचरकीवर सरकी वेगळी करीत. यंत्राने हे काम कारखान्यात नेले. यंत्रातील चामड्याच्या रुळाला तंतू चिकटतात, रूळ त्यांना एका स्थिर पात्याखालून ओढून नेतो, आणि वरखाली हलणारे दुसरे पाते सरकी ठोकून खाली पाडते. सुटी झालेली रुई प्रेसमध्ये दाबली की गाठ तयार होते. जुन्या हिशेबात गाठ ३९२ पौंडांची असे, आज ती १७० किलोची धरतात.

५/
यंत्राला सतत कापूस भरवावा लागे आणि ते काम मुख्यतः स्त्रिया करीत. आवारातील गंजीवरून टोपल्या भरून आणणे, यंत्रापुढे उभे राहून कापूस सारणे, खाली पडलेली सरकी उचलणे. एका लांब दांड्यावरून निघालेले पट्टे सर्व यंत्रांना फिरवीत. त्या दांड्याला तेल देताना धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर गुंतला, तर यंत्र थांबेपर्यंत फार उशीर झालेला असे. हवेत तंतूंची धूळ, वर पत्रा, चहूकडे पेट घ्यायला टपलेला कापूस.

६/
हे मजूर कोण? बहुतांशी भूमिहीन कुटुंबांतील स्त्री-पुरुष आणि मुले. दिवाळीच्या सुमारास शेतात वेचणीची मजुरी मिळे. वेचणी सरली की तोच कापूस ज्या जिनात गेला, त्या जिनाच्या फाटकाशी ते उभे राहत. हंगाम संपताच फाटक बंद. अनेक ठिकाणी भरती मुकादम किंवा ठेकेदारामार्फत होई, त्यामुळे मालक आणि मजूर यांच्यात थेट नाते नसे. पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर. अशा माणसाने जादा तासांना नकार द्यावा तरी कसा?

७/
वऱ्हाडात कायदा उशिरा पोहोचला, असे म्हणता येणार नाही. कापसासाठी तो फार लवकर आला. १८८६ साली कारंजा येथे (आज वाशीम जिल्ह्यात) देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ स्थापन झाली. १८९७ मध्ये खास वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजार कायदा आला. सौदे ठरलेल्या आवारात व्हावेत, अडते आणि मापारी परवानाधारक असावेत, कारभार समितीने पाहावा, अशी त्याची रचना होती. बाजार समित्यांचा देशभरचा इतिहास या कायद्यापासून सुरू होतो. वजन, दलाली, भेसळ यांबाबत वऱ्हाड देशाच्या पुढे होता.

८/
श्रमाचा कायदा वेगळ्या वाटेने आला. हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि किमान १०० माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. ७ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी, ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तासांची मर्यादा. प्रौढ स्त्रियांसाठी त्यात एकही तरतूद नव्हती.

त्यातच आणखी एक अट होती : वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ न चालणारा कारखाना या कायद्याच्या दृष्टीने ‘कारखाना’च नव्हे.

९/
या अटीचा अर्थ वऱ्हाडात नीट उमगतो. जिनाचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा. काम सावकाश, माणुसकीच्या तासांत केले तर ते पाच महिने चालेल आणि कारखाना कायद्याच्या कक्षेत येईल. तेच काम रात्रंदिवस रेटून चार महिन्यांत उरकले, तर कायदा फाटकाबाहेरच राहील. ज्या कारखान्यात घाई सर्वाधिक, त्यालाच सूट! शिवाय वऱ्हाड औपचारिकदृष्ट्या निजामाच्या मालकीचा मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागे.

१०/
या सुटीत काय घडत होते, याची साक्ष शेजारच्या खानदेशातून मिळते. कापूस तोच, रेल्वेमार्ग तोच, यंत्रेही तीच; फक्त खानदेश मुंबई इलाख्यात असल्याने तेथील चौकशी कागदावर आली. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी आयोगापुढे जिनांशी संबंधित साक्षीदारांनी सांगितले, की पहाटे ४ पासून रात्री १० पर्यंत काम चाले आणि त्याबद्दल ३-४ आणे मिळत. माल तुंबला की तेच स्त्री-पुरुष सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबत. ते पार थकून गेल्यावरच नवी माणसे घेतली जात. अशा कामाने माणसे मरतात, हेही त्या साक्षीत आले आहे.

हे सांगणारे लोक मजुरांचे पुढारी नव्हते. त्यांच्यात कारखाने चालवणारेही होते.

११/
त्याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला दिले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई, या त्यांच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंडे यांना ऐकणारी मुंबई होती. जिनातील मजूर मात्र मार्चनंतर गावोगावी पांगत. त्यांच्या सह्या गोळा कोण करणार आणि कोठे?

१२/
येथे एक अवघड गोष्ट नोंदवणे भाग आहे. फॅक्टरी कायद्यांमागे लॉर्ड शाफ्ट्सबरींसारख्यांची करुणा होती, तशीच लँकेशायरच्या गिरणीमालकांची स्पर्धाबुद्धीही होती. मुंबईच्या गिरण्यांचे तास कमी झाले तर मँचेस्टरचा फायदा होता. म्हणून ‘केसरी’सह अनेक राष्ट्रवादी पत्रांनी या कायद्यांना देशी उद्योग मारण्याचा डाव मानून विरोध केला. त्यांचा संशय निराधार नव्हता.

जिनांच्या बाबतीत मात्र हा वाद लागूच पडत नाही. जिन मँचेस्टरशी स्पर्धा करीत नव्हते. ते गिरण्यांना कच्चा माल पुरवत होते. विलायती खरेदीदार असो की मुंबईचा गिरणीमालक, स्वस्त आणि लवकर मिळणारी रुई दोघांनाही हवी होती. जिनमजुरांच्या बाजूने बोलण्यात कोणाचाच स्वार्थ नव्हता.

१३/
१८९१ च्या कायद्याने मर्यादा १०० वरून ५० माणसांवर आणली, मुलांचे किमान वय ९ केले, आणि स्त्रियांसाठी प्रथमच दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. चार महिन्यांची पळवाट तशीच राहिली. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले. सर शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. देशभरचे प्रतिनिधी बडनेऱ्याला गाडी बदलून शहरात आले, तो जिनांच्या हंगामाचा ऐन महिना होता.

१४/
१९०८ मध्ये मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हंगामी कारखान्यांतील स्त्रियांच्या अतिरेकी तासांकडे लक्ष वेधले. १९११ च्या कायद्याने अखेर चार महिन्यांची अट काढली आणि जिन कायद्याच्या कक्षेत आले. याच कायद्याने स्त्रियांना रात्रपाळी वर्ज्य केली.

फक्त एक अपवाद ठेवला : कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग. दार उघडले होते, पण ज्यांच्यासाठी ते सर्वांत गरजेचे होते, त्या उंबरठ्यावरच अडल्या.

१५/
मालकांचा युक्तिवाद नेहमी एकच असे : हंगाम छोटा, पावसाळ्यापूर्वी माल हलला पाहिजे, रात्र वगळून कसे भागेल? उघड्या आवारातील कापसाला पावसाची भीती खरीच होती. परंतु त्याच काळात वऱ्हाडात ‘पूल’ नावाची पद्धत रूढ होती. गावातील जिनमालक एकत्र येऊन जिनिंगचे दर ठरवीत, काही कारखाने मुद्दाम बंद ठेवीत, आणि बंद कारखान्याच्या मालकालाही नफ्यातील वाटा मिळे.

म्हणजे एका जिनात बाया रात्री उभ्या आणि शेजारच्या जिनाला कुलूप. यंत्रे अपुरी नव्हती. हंगामाची टंचाई काही अंशी निसर्गाची होती आणि काही अंशी मालकांच्या करारातून आलेली होती. तिची भरपाई मात्र मजुराच्या झोपेतून होत होती.

१६/
तो अपवाद हटला, तो बाहेरच्या दबावामुळे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्त्रियांच्या रात्रपाळीविरुद्ध करार केला, हिंदुस्थानने तो स्वीकारला, आणि १९२२ च्या दुरुस्तीने जिनांतील स्त्रियांचीही रात्रपाळी बंद झाली. मर्यादा २० माणसांवर आली, मुलांचे किमान वय १२ झाले, आणि प्रौढांसाठी दिवसाला ११ व आठवड्याला ६० तास ठरले.

१९३१ मध्ये व्हिटली आयोगाचा अहवाल आला आणि त्यानंतर १९३४ चा कायदा. त्याने बारमाही कारखान्यांसाठी तास कमी करून १० आणि ५४ केले. हंगामी कारखान्यांसाठी ते ११ आणि ६० वरच ठेवले. ‘हंगामी’ हा शब्द आता पळवाट राहिला नव्हता. तो कायद्याने मान्य केलेला दुय्यम दर्जा झाला होता.

१७/
बारमाही आणि हंगामी यांतील अंतर पाहायचे तर वऱ्हाडातून नागपूरला जावे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या काळात आणि पुढे तेथे निवृत्तिवेतन, अपघात-भरपाई, भविष्यनिर्वाह निधी अशा योजना आल्या. त्यामागे उदारता होती आणि हिशेबही : शिकलेला कामगार टिकला पाहिजे. त्या गिरणीत आदर्श राज्य नव्हते, संपही झाले. पण गिरणी वर्षभर चालत असल्याने कामगाराला संघटना बांधता आली. जिनाला टिकाऊ कामगाराची गरज नव्हती, आणि मजुराला संघटनेइतका वेळ नव्हता.

१८/
शरीराला मात्र हंगामी-बारमाही हा भेद ठाऊक नसतो. कापसाच्या धुळीत दीर्घकाळ काम केल्याने छाती आवळणे, दम लागणे, खोकला जडणे या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी तो अधिक जाणवतो. जिनाच्या रुळाचे चामडे झिजून त्याचीही भुकटी हवेत मिसळते. आधुनिक रुळांतील क्रोमप्रक्रिया केलेल्या चामड्याबाबत संशोधकांनी चिंता व्यक्त केली आहे. बिसिनोसिस आज कायद्याने मान्य असलेला व्यवसायजन्य रोग आहे. पण दरवर्षी वेगळ्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या स्त्रीने आपला दमा कोणत्या जिनात जडला, हे सिद्ध कसे करावे?

१९/
स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दोन कायदे आले आणि त्यांनी परस्परविरुद्ध दिशा धरल्या. नव्या फॅक्टरी कायद्याने हंगामी-बारमाही भेद पुसून टाकला. सर्वांना दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, किमान वय १४, आणि शक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठी मर्यादा १० माणसांची. प्रेसमधील कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राजवळ स्त्रिया आणि मुलांना कामास लावू नये, असे स्वतंत्र कलम २७ त्यात होते.

त्याच वर्षीच्या राज्य कामगार विमा कायद्याने मात्र आजारपण, बाळंतपण आणि अपघात यांच्या विम्यातून ‘हंगामी कारखाने’ वगळले. हंगामी म्हणजे कोणते? व्याख्येतील यादीत पहिलेच नाव आहे : कापसाचे जिनिंग.

२०/
पुढची दशके झपाट्याने गेली. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारी केंद्रांवर, पण जिन बहुतेक खासगी वा सहकारी. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेने जिनांत वाहक पट्टे आणि स्वयंचलित भरणी आणली. डोक्यावरच्या टोपल्या घटल्या, धूळ काही प्रमाणात कमी झाली आणि माणसेही कमी झाली. या मोहिमेचा मुख्य उद्देश कचराविरहित गाठ हा होता. १८९७ आणि १९२५ प्रमाणेच सुधारणा आधी कापसासाठी आली आणि तिचा काही लाभ मजुराच्या वाट्याला आला.

उपदान कायद्यातही हा शब्द भेटतो. इतर कर्मचाऱ्याला सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन, तर हंगामी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला प्रत्येक हंगामासाठी ७ दिवसांचे.

२१/
आता सर्व आकडे एका रांगेत ठेवून पाहावे. यांत्रिक शक्ती वापरणारा कारखाना कायद्यात येण्यासाठी लागणारी माणसे : १८८१ मध्ये १००, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, १९४८ मध्ये १०. सत्तर वर्षांत कायदा क्रमाक्रमाने लहान कारखान्यापर्यंत उतरला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा पुन्हा २० झाला आहे. आणि त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेत कामगार विम्याच्या प्रकरणाखाली ‘हंगामी कारखाना वगळून’ ही शब्दयोजना कायम आहे.

२२/
२० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. कापूस जेथे पिकतो तेथेच कापड व्हावे, ही वऱ्हाडाची दीडशे वर्षांची इच्छा आहे आणि ती रास्त आहे. मात्र त्या साखळीचा पहिला दुवा जिन हाच राहणार आहे. तयार कपड्याच्या कारखान्यातील कामगाराला विमा असेल आणि त्याच कपड्याची रुई सुटी करणारी स्त्री विम्याबाहेर असेल, तर १८८१ मध्ये आखलेली रेघ अजून पुसली गेलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एक सवय लावून घ्यावी. कोणताही श्रमकायदा वाचताना तो काय देतो, ही कलमे सर्वजण वाचतात. त्याआधीचे व्याख्यांचे पान वाचावे. ‘कारखाना’ म्हणजे काय, ‘कामगार’ म्हणजे कोण, ‘हंगामी’ कशाला म्हणायचे, हे तेथे ठरते आणि कोणाला वगळायचे हेही तेथेच ठरते. वऱ्हाडातील जिनमजुरांवर अन्याय करण्यासाठी कोणत्याही सरकारला त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला नाही. व्याख्येतील एका शब्दाने ते काम केले. तो शब्द अजूनही कायद्यात आहे, म्हणून हा इतिहास संपलेला नाही.